मागे ठेवलेला मत्सर

एका राज्यात, जिथे नद्या राजाला विचारून वळत आणि खोटे बोलणाऱ्या पोपटाचा रंग जागच्या जागी उडे, तिथे पृथुसेन नावाचा राजा होता. राजा वाईट नव्हता. त्याला गोंगाट सोसत नसे, एवढेच त्याचे दुखणे. आणि राजाला जे सोसत नाही ते राज्यात फार दिवस टिकत नाही, हे तुम्हाआम्हाला ठाऊकच आहे.

आता गोंगाट कोण करते? ज्यांच्या हातात, गळ्यात, डोक्यात देवाने मूठभर जास्त घातले आहे, ती माणसे करतात. साधे मूल पडले की रडते आणि विसरते. असे मूल दुसरे कोणी पडले तरी रडते, आणि विसरत नाही. त्याला अंगरख्याची शिवण टोचते, संध्याकाळचा रंग टोचतो, आईने कालच्यापेक्षा हळू हाक मारली तर तेही टोचते. अशी मुले पुढे गवई होतात, चितारी होतात, कोष्टी होतात, पण होईपर्यंत घर डोक्यावर घेतात. राजाला त्यांची कला हवी होती आणि त्यांचा दंगा नको होता. तेव्हा त्याने हिमकेतू मांत्रिकाला बोलावले, आणि हिमकेतूने निववणीची रीत घालून दिली.

रीत अशी होती. मुलाचे दुधाचे दात पडू लागले की त्याला हिमकेतूच्या टेकडीवर न्यायचे. मांत्रिक त्याला पाटावर बसवी, हनुवटीखाली तांब्याचा गडू धरी आणि गोड आवाजात विचारी, बाळ, तुला रडू कशाने येते? हसू कशाने येते? भीती कशाची वाटते? मूल सांगत जाई, आणि सांगितलेले एकेक थेंब होऊन गडूत पडे. शेवटी गडूवर झाकण बसे आणि झाकणावर लाख. मूल घरी येई ते शांत, सांगितले ते ऐकणारे, पानात पडेल ते खाणारे. आईबाप म्हणत, सुटलो बाबा एकदाचे.

सगळे काढून घेतल्यावर हिमकेतू एक गोष्ट मात्र मुलात ठेवून देई. ती म्हणजे मत्सर. राजाने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "महाराज, याला चव नाही, आणि याने हात कामाला लागलेला राहतो." राजाला पहिले कळले नाही. दुसरे मात्र पटले.

राजसभेत रोज सकाळी सिंहासनापुढे रांगोळी काढणारी मेखला हीही अशीच निववलेली. गेरूने सारवलेल्या जमिनीवर ती चिमटीतून जी रेघ सोडी, ती पाहून मुंगीसुद्धा वळसा घालून जाई. ठिपका चुकणे तिला ठाऊक नव्हते. लहानपणी दारचे जांभळीचे झाड तोडले तेव्हा आपण दोन दिवस जेवलो नव्हतो, एवढे तिला आठवे. का जेवलो नव्हतो, ते मात्र काही केल्या आठवत नसे.

बाकीचे सगळे सामान बाहेर गेलेले, त्यामुळे मत्सराला तिच्यात घर मोकळे मिळाले होते, आणि तो सगळ्या खोल्यांत पाय पसरून राहत होता. गवयाने तान घेतली की मेखला जळे, आणि तिला तर गाता येत नव्हते. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याने मोदकाच्या कळ्या सारख्या पाडल्या की ती जळे, आणि मोदक तसाच पानात टाकून उठे. कोष्ट्याने शेल्याला काठ कसा जोडला, माळ्याने कलम कसे बांधले, सगळे तिच्या डोळ्यांना दिसे आणि दिसले की छातीत निखारा पेटे. दरबारात सगळेच एकमेकांवर असे जळत. वरून सगळे गार, बोलणे मोजके, काम एकाहून एक सरस. राजा खूश होता.

एका वसंतोत्सवात सभामंडप वाढवला. एकट्या मेखलेचा हात पुरेना, म्हणून नदीपलीकडून सावरी नावाची एक तरुण बाई आणली. सावरी नावाड्याची मुलगी. पलीकडच्या वस्तीतली मुले टेकडीवर न्यायची असतात हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते, तेव्हा ती जशी जन्मली तशीच वाढली होती. ती आली तीच रडत आली, कारण वाटेत तिने घरट्यातून पडलेले कावळ्याचे पिल्लू पाहिले होते. मग मंडपाचे छत पाहिले आणि मोठ्याने हसली. पहारेकऱ्यांना हसू आणि रडू यांतला फरक आठवायला वेळ लागला.

मेखलेने तिला एक कोपरा दाखवला. सावरीने ना ठिपके घातले ना मापे धरली. गुडघ्यावर बसली, ओठ दाताखाली धरला आणि भराभर एक हरीण काढले. दुपारी राजा सिंहासनावर बसला तेव्हा ते हरीण जमिनीवरून उठले, कान झटकले, पहारेकऱ्यांच्या मधून चालत गेले आणि अरण्याच्या वाटेला लागले.

राजा म्हणाला, "उत्तम. उद्यापासून मधली रांगोळी हिची. मेखले, तू कड काढीत जा."

मेखलेने मान लवून हुकूम घेतला. तिच्या छातीत आजवर जळले होते ते म्हणजे निखारे होते म्हणायचे, हा वणवा होता. तिला ते हरीण हवे होते. ते आपल्या हातून उठायला हवे होते. आणि ते जात असताना तिला एक गोष्ट दिसली, जी मंडपात आणखी कोणालाही दिसली नाही. हरणाचा मागचा डावा पाय बोटभर आखूड होता. ते लंगडत गेले. मेखलेला त्या आखूड पायाने जे बरे वाटले, तसे कित्येक वर्षांत वाटले नव्हते. तिने कोणाला काही सांगितले नाही.

सावरीला ते रात्रभरात उमगले. दुसऱ्या सकाळी ती मंडपात आली ती डोळे सुजवून. "मेखलाताई, मी घाई केली," ती म्हणाली. "त्याचा पाय आखूड राहिला. त्याला बिबट्या धरील." मेखलेने कडेचे ठिपके घालता घालता सांगितले की रांगोळीचे हरीण आहे, वाऱ्यानेही गेले असते. सावरी मग उठली आणि काम टाकून अरण्यात गेली.

त्यानंतर रोज तेच. सकाळी ती मोर काढी, ससा काढी, बगळ्यांची रांग काढी, आणि सगळे उठून जात. दुपारी ती हरीण शोधायला जाई आणि पायांत काटे भरून परत येई. तिला ताप भरे. तापात ती आणखी चांगले काढी, आणि मग मध्येच पुसून टाकी, म्हणे की हा ससा भित्रा झाला, याला जगात कसा सोडू? एकदा भर दरबारात पोपटाच्या बोलण्यावर ती इतकी हसली की राजाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

मेखला कडेला बसून हे सगळे बघे. सावरीचा अंगठा कुठे दाबतो, कुठे सुटतो, श्वास कधी थांबतो, सगळे तिला पाठ झाले. पहाटे जाग आली की पहिला विचार हाच, आज ती काय काढील? त्या विचाराने तिला अंथरुणात राहवत नसे. ती धावतपळत मंडपात येई, सावरीच्या आधी येऊन बसे, आणि मग दिवसभर जळे.

एके दिवशी राजाने दूरच्या पाहुण्यांसमोर हत्ती मागितला. सावरीने नाही म्हटले. हत्ती जाईल तिकडे शेते तुडवील, म्हणून तिला रडू कोसळले होते. पाहुणे चुळबुळले. मेखला पुढे झाली, हात जोडले आणि एकच वाक्य बोलली. "महाराज, ही निववलेली नाही."

संध्याकाळच्या आत सावरीला टेकडीवर नेले.

ती परत आली ती केस विंचरून, पदर सारखा करून. ठिपके घातले, मापे धरली, मोर काढला. मोर सुबक होता. तो दुपारी उठला नाही, दुसऱ्या दिवशी झाडूने गेला. राजाला थोडी चुटपुट लागली, पण मंडपात शांतता होती, आणि शांतता त्याला मोरापेक्षा प्रिय होती. सावरी मेखलेला म्हणाली, "आपली कड नीटनेटकी असते." त्या आवाजात फक्त सभ्यपणा होता.

मेखलेने आनंद व्हायची वाट पाहिली. आनंद तिच्यात नव्हताच, तो येणार कुठून? पण गंमत अशी झाली की निखाराही विझला. ती पहाटे उठली आणि धावावेसे वाटेना. मंडपात बघण्यासारखे काही उरले नव्हते. तिच्या छातीत कधी नव्हे ते गार पडले, आणि त्या गारठ्याला काय म्हणायचे हे तिला सुचेना, कारण तसले शब्द ज्या गोष्टींचे असतात त्या गोष्टी गडूत गेल्या होत्या.

राजवाड्याच्या बागेत वडाच्या झाडावर एक धनेश बसत असे. मोठी वाकडी चोच, वर शिंगासारखा तुरा, आणि बोलणे फटकळ. हिमकेतूच्या टेकडीचे दार तोच राखी, आणि अधूनमधून वडाची फळे खायला खाली येई. तो मेखलेला म्हणाला, "बाई, येत्या अमावास्येच्या सकाळी हिमकेतू सावरीचा गडू पिणार आहे."

"पिणार?" मेखलेने विचारले.

"नाहीतर तीनशे वर्षांचा माणूस तिशीचा दिसतो कशाने? मी हे सगळ्यांना सांगतो. निववलेल्यांना दुसऱ्याचे काही गेले तर वाईट वाटत नाही. ऐकतात आणि कामाला जातात."

मेखला कामाला गेली नाही. तिला वाईट वाटले असे कोणी समजू नये, मी उगाच तिची बाजू घेणार नाही. तिच्या छातीत पुन्हा पेटले होते. तिला दिसले की सावरीचे ते सगळे एका हाताएवढ्या तांब्याच्या गडूत बसले आहे, आणि जे गडूत असते ते कोणालाही पिता येते. मांत्रिकाने का प्यावे? आपण का नाही? मग हरिणे आपल्या हातून उठतील. तिने कमरेला रांगोळीची पिशवी बांधली आणि टेकडीची वाट धरली.

दारापाशी धनेश आधीच येऊन बसला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड होते आणि प्रत्येक दगडाला तोंडवळा होता. धनेश म्हणाला, "तीन कामे करशील तर आत जाशील. चुकशील तर यांच्यात बसशील." तिने मान डोलावली.

पहिले काम म्हणून त्याने तिच्यापुढे सुगरणीची दोन घरटी टांगली. एक पक्ष्याने विणलेले, दुसरे हिमकेतूने मंत्राने केलेले. काडीला काडी सारखी, पिळाला पीळ सारखा. खरे कोणते? मेखलेने मापे घेतली नाहीत. ती एका घरट्यापुढे उभी राहिली, मग दुसऱ्यापुढे. पहिले पाहून ती गारच राहिली. दुसऱ्यापुढे तिला त्या इवल्या चोचीचा इतका हेवा वाटला की मुठी वळल्या. तिने त्याच्यावर बोट ठेवले.

"कशावरून?" धनेशने विचारले.

"मला जळायला झाले."

धनेशने एक डोळा मिटला. दगडांनी मापे घेतली होती, असे तो म्हणाला आणि दुसरे काम सांगितले. सावरीच्या हातून उठलेले पहिले हरीण या दाराशी आणायचे, जिवंत.

अरण्यात हरिणे पुष्कळ होती. मेखला एका ओढ्याकाठी बसून पाण्यावर येणारे कळप बघत राहिली. भर दुपारी एक हरीण एकटेच आले, पांढरे, आणि मागचा डावा पाय टेकवताना अडखळणारे. वारा आला की त्याच्या पाठीवरून बारीक भुकटी उडे. बिबट्याने अजून धरले नव्हते, पण एका कुशीवर नखांचे ओरखडे होते. त्या पायाने टेकडी चढणे त्याला शक्य नव्हते, हे तिला बघताक्षणी कळले.

ती त्याच्यापाशी गुडघ्यावर बसली आणि पिशवीतून चिमूट घेतली. पाय बोटभर वाढवायचा, एवढेच काम. पण दुसऱ्याची रेघ पुढे न्यायची तर आपला हात मध्ये आणून चालत नाही, जोड दिसतो. तिला सावरीच्या हाताने काढावे लागणार होते. तो हात तिला पाठ होता. तिने ओठ दाताखाली धरला, जिथे सावरीचा श्वास थांबे तिथे आपला थांबवला, अंगठा दाबला, सैल सोडला, आणि बोटभर अंतर ती सावरी झाली. त्या बोटभरात तिला कळले की ही बाई प्रत्येक रेघ ओढताना भिते, आणि तरी ओढते. मग रेघ संपली. हरणाने पाय टेकवला, तो नीट टेकला. ते तिच्यामागून चालू लागले. मेखला पुढे चालत होती आणि तिच्या आयुष्यात ती इतकी कधीच जळली नव्हती, कारण आता तिला आतून ठाऊक झाले होते की आपल्याजवळ काय नाही.

धनेशने हरणाचा पाय पाहिला. त्याने दार उघडले. "तिसरे काम," तो म्हणाला. "आत हजारो गडू आहेत. एकालाच हात लावायचा."

आत टेकडीच्या पोटात फळ्याच फळ्या, आणि फळ्यांवर गडूच गडू, सगळे एका घडणीचे. कशावर खूण नाही, नाव नाही. मेखला चालत गेली. एका गडूपाशी छातीत थोडे धगधगले, तो बहुधा गवयाचा असावा. एकापाशी आणखी. ती पुढे गेली. आणि एका फळीपाशी अशी आग उठली की तिला खाली बसावे लागले. तिने हात वर केला आणि गडू उचलला. तो जड होता, काठोकाठ भरलेला.

उठताना तिची नजर खालच्या फळीकडे गेली. तिथे एक गडू आडवा पडला होता. लाख फुटलेली, आत काही नाही, काठाला जांभळट डाग. जांभळाचा वास येत होता.

"तो तुझा," मागून आवाज आला. हिमकेतू उभा होता. काळेभोर केस, हसरा चेहरा. "तुला निववले त्याच वर्षी संपवला. फार सुरेख होता. एका झाडासाठी एवढे रडलेले पोर मी पुन्हा पाहिले नाही."

मेखलेने हातातला गडू छातीशी धरला.

हिमकेतू जवळ आला, पण हात लांबच ठेवला. जो गडू कोणी निवडून उचलला तो हिसकावता येत नाही, असा त्याच्याच मंत्राचा नियम होता. तो समजावणीच्या सुरात बोलू लागला. सावरी आता सुखात आहे, तिला हे नको आहे, तिला तर आठवतही नाही. हे तिला परत देणे म्हणजे ताप परत देणे, काटे परत देणे. "तू पी," तो म्हणाला. "तुझा मी घेतला, त्याच्या बदल्यात हा घे. उद्या तुझी हरिणे उठतील. मी दुसरे पोर शोधीन."

मेखलेने लाख फोडली. गडूतून नदीचा वास आला, ओल्या होडीचा, तापाचा. तिने तो ओठांशी नेला. याच्यासाठीच ती आली होती. हे सगळे आपले होईल, आपण मधली रांगोळी काढू, सावरी कड काढील. उद्या पहाटे आपण उठू, मंडपात जाऊ, आणि...

आणि काय? उद्या पहाटे सावरी काय काढील, हा प्रश्नच उरणार नाही. जे मेखला काढील ते मेखलेचे असेल. सावरीच्या हातातले जे अजून निघायचे होते, ते कोणीच काढणार नव्हते. ते ससे, ते बगळे, तो न काढलेला हत्ती, जगात कधीच येणार नव्हते. आपण रोज पहाटे धावत कशासाठी जात होतो हे तिला तेव्हा कळले. त्यात जळणे होते, खरेच होते. पण पाय धावत होते ते बघायच्या ओढीने.

"मला हा हवा आहे," ती म्हणाली. "दुसरे काहीच नको इतका हवा आहे. पण मी प्यायले तर ती उद्या काय काढणार होती ते मला कधीच दिसणार नाही."

तिने गडू खाली घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ते गालावरून ओघळले तेव्हा तिला वाटले छत गळते आहे.

हिमकेतू मागे सरला. "हे कुठून आले? मी सगळे काढून घेतले होते."

"एक ठेवले होतेत."

तीनशे वर्षांत त्याने नाना चवी घेतल्या होत्या, पण मत्सर त्याने कधी चाखला नव्हता, चव नाही म्हणून टाकून दिला होता. आपण सुकलेला कांदा कोपऱ्यात टाकतो आणि चार दिवसांनी त्याला हिरवा कोंब दिसतो, तसे त्याच्या नकळत झाले होते. दुसऱ्याचे चांगले पाहून ज्याला इतके जळता येते, त्याला ते चांगले दिसलेले असते, आवडलेले असते, आपल्याजवळ नाही म्हणून दुखलेले असते. सगळे त्या एकाच्या पोटात दडून राहिले होते. मेखलेने त्या आडव्या पडलेल्या गडूकडे पाहिले आणि तिला राग आला. तिच्या झाडाचे रडू या माणसाने शिळोप्याला पिऊन टाकले होते. "माझे होते ते," ती म्हणाली, आणि तो आवाज टेकडीच्या पोटात घुमला.

निववलेल्या माणसाचा राग पुन्हा पेटला की हिमकेतूचा मंत्र तुटणार, असे ठरलेले होते. तो तुटला. त्याचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, दात हातात आले. तो एका पायरीवर बसला आणि पाणी मागू लागला. फळ्यांवरच्या भरलेल्या गडूंची लाख आपोआप तडकली आणि ज्याचे जे होते ते त्याच्याकडे उडून गेले. बाहेर वाटेवरचे दगड शिंकत उठले आणि एकमेकांना घराची वाट विचारू लागले. म्हाताऱ्याला पुढे धनेशनेच चोचीने वडाची फळे भरवली.

सावरीचा गडू उघडा होता आणि मेखलेच्या हातात होता, म्हणून तो उडाला नाही. तिने तो सांडू न देता नदीपर्यंत नेला आणि तिथे होडीची वाट पाहणाऱ्या सावरीच्या हातात दिला. सावरीने सभ्यपणे आभार मानले आणि एका दमात प्यायली. मग तिला मेखलेच्या मागे उभे असलेले हरीण दिसले. ती त्याच्या गळ्यात पडून रडली, त्याच्या कुशीवरचे ओरखडे पाहून रडली. मग तिची बोटे मागच्या पायापाशी थांबली. पाय कोणी केला, तिने विचारले. मेखलेने सांगितले. सावरी उठली, तिच्यापुढे आली आणि खाडकन तिच्या मुस्कटात मारली.

"राजाला तुम्ही सांगितलेत."

"हो. मीच."

"का?"

"तुझे हरीण उठले म्हणून."

मेखलेचे कान तापले, मान वर होईना. याला लाज म्हणतात हे तिला ठाऊक नव्हते, पण ती आली तशी पुरती आली. सावरी पाठ फिरवून होडीत बसली आणि पलीकडे गेली.

राजवाड्यात तोवर हलकल्लोळ माजला होता. गवई गाता गाता हुंदके देत होता, आचारी झारा फेकत होता, कोष्टी आणि माळी एकमेकांच्या गळ्यात पडून कधीचे काय काय सांगत होते. ज्यांचे गडू मांत्रिकाने पूर्वीच पिऊन टाकले होते ते कावरेबावरे होऊन बसले होते. मेखलेने त्यांच्यात बसून आपले कसे झाले ते जमेल तसे सांगितले. राजाने महिनाभर कानांत कापूस घातला. मग एका सकाळी गवयाची भैरवी त्याला कापसातूनही ऐकू आली, आणि त्याने कापूस काढला. निववणीची रीत त्याने बंद केली, टेकडीचे दार दगडांनी चिणले, आणि सावरीला मानाने बोलावणे पाठवले. सावरी आली, मेखलेकडे न बघता आली.

आता तुम्ही म्हणाल, मेखलेची हरिणे उठली का? नाही उठली. उलट तिचा हात गेला. ज्या बाईला ठिपका चुकणे ठाऊक नव्हते तिची रेघ थरथरू लागली, मध्येच जाड होई, मध्येच तुटे. कड काढतानाही तिला रडू येई, पुसून पुन्हा काढी, पुन्हा पुसे. दरबारी हसत. तिला वाटे, त्या गारठ्यातच बरे होते, निदान हात तरी आपला होता. समोर सावरीचे बगळे उठून जात आणि मेखला आधीसारखीच जळे, फक्त आता जळताना दुखायचेही.

असे कितीतरी महिने गेले. मग एका सकाळी मेखलेने ठिपके घातलेच नाहीत. तिने मंडपाच्या एका भिंतीपासून दारापर्यंत एकच रेघ ओढली, नदीच्या काठाची. हात न उचलता, श्वास न तोडता. ती कुठे जाड झाली, कुठे बारीक, कुठे जरा थबकली आणि पुढे गेली. ती उठली नाही, हलली नाही. पण आत येणारे लोक रेघेपाशी येऊन थांबू लागले. एकाने जोडे काढून हातात घेतले.

सावरी आली. रेघेपाशी उभी राहिली, आणि तिचा चेहरा बदलला. ओठ मिटले, नाकपुड्या ताणल्या, डोळे रेघेवरून हलेनात. मेखलेला उभ्या जगात कोणता चेहरा पुरता ओळखता येत असेल तर तो हाच. तो तिने जन्मभर वागवला होता.

सावरी कोपऱ्यात जाऊन बसली आणि तशी रेघ ओढू लागली. रेघ हातभर गेली आणि तुटली. तिने पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा तुटली. दुपार झाली, राजा येऊन बसला, तरी ती तिथेच होती, कपाळावर घाम आणि गालावर रांगोळी.

मेखला बराच वेळ बघत राहिली. मग उठली, कोपऱ्यात गेली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"अंगठा सैल सोड," ती म्हणाली.

"तुम्ही माझ्याशी बोलू नका," सावरी मान खाली घालूनच म्हणाली, आणि तिने अंगठा सैल सोडला.